मानपत्रात न लिहिलेली कुस्ती

माझी मुलगी सृष्टी नववीत आहे आणि तिला कुस्तीचं वेड आहे. तालमीतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहते. मान, खांदा, गुडघा, कशाचा काय नेम. तिला घरी डाव शिकवतात ते माझे सासरे, कारभारी तात्या. बाकीचे सगळे डाव त्यांनी तिला शिकवले, फक्त ढाक नाही. ढाक म्हणजे समोरच्याचा हात बगलेत दाबायचा, अंग वळवायचं आणि त्याला उचलून उलटा फेकायचा. सृष्टीने कितीदा विचारलं. तात्या एवढंच म्हणायचे, "तो डाव आपल्या घरात न्हाई."

मला बरंच वाटायचं. तेवढी एक भीती कमी. पण का नाही, ते मी कधी विचारलं नव्हतं. गेल्या चैत्रात ते कळलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "पहाटचं तेल गरम करायचं विसरू नको. चहा विसरलीस तरी चालंल." पाच वाजता तात्या तेलाची वाटी घेऊन बोळ ओलांडायचे. समोरच्या घरात वैजनाथ नाना खाटेवर असायचे. नाना त्र्याऐंशी सालच्या एका कुस्तीत कमरेखाली लुळे पडलेले. तालमीत पैलवान मेहनत झाली की एकमेकांना मालीश करतात, तशी तात्या त्यांची मालीश करायचे. आधी पाय, मग पाठ, मग कुशीवर वळवून दुसरी बाजू. एकही दिवस खाडा नाही. पाथर्डीचा डॉक्टर म्हणाला होता, चाळीस वर्षं अंथरुणावर काढलेल्या माणसाच्या अंगावर एक जखम नाही, हे मी पहिल्यांदा बघतोय.

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोस्ती असावी तर अशी, म्हणायचे लोक.

आमच्या तिसगावच्या भागात त्या काळी कारभारी-वैजनाथची कुस्ती म्हणजे यात्रेचं अर्धं आकर्षण असे. एका तालमीचे पैलवान सहसा हगाम्यात, म्हणजे यात्रेतल्या कुस्त्यांत, एकमेकांशी लढत नाहीत. हे दोघे लढायचे, आणि लोक तेच बघायला यायचे. ऊसतोडीवरून परतणाऱ्या गाड्या रस्त्यात थांबायच्या. पंचवीस-पंचवीस मिनिटं हलगी कडाडायची, आणि शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवायचा. भरल्या पोटाने जेवणावरून उठावं तशी माणसं उठायची, असं जुनी मंडळी अजून सांगतात.

गेल्या चैत्रात यात्रा कमिटीचा मच्छिंद्र घरी आला. यंदाच्या हगाम्यात या जोडीचा सत्कार करायचा होता. फेटा, गदा, मानपत्र.

"वहिनी, तुम्ही बी.ए. झालेल्या. मानपत्र तुम्हीच लिहा," तो म्हणाला. "दोन-चार जड शब्द येऊ द्या. मल्लसम्राट तरी पाहिजेच."

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांच्या मागोमाग मीही वही घेऊन नानांकडे गेले. नानांची विधवा बहीण कडूबाई चुलीपुढे होती. तात्या पाय चोळत होते आणि नाना मजेत होते.

"लिही पोरी. माझ्या वाट्याचं दूध हा प्यायचा."

"अन् माझे बदाम कोन खायचं?" तात्या म्हणाले.

"तुझे हुते व्हय? मला वाटलं, तालमीचे."

मी विचारलं, "नाना, तुम्ही दोघं एकमेकांशी किती कुस्त्या लढलात?"

"एकवीस. एकवीसच्या एकवीस बरोबरीत."

"आणि बाविसावी?"

तात्यांचा हात नानांच्या नडगीवर थांबला. मला वाटलं, मी विचारायला नको होतं. बाविसाव्या कुस्तीत नाना पडले आणि पाय गेले, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं.

"लिहून घे," तात्या म्हणाले.

"कारभारी, तेल गार व्हतंय," नाना म्हणाले.

"हू दे. सुनबाई, लिही. आमच्या कुस्त्या ठरलेल्या असायच्या. कधी मी वर, कधी ह्यो वर, अन् शेवट बरोबरी. एकानं दुसऱ्याच्या पाठीवर दोनदा थापटलं की दुसऱ्यानं अंग सैल सोडायचं. दम घ्यायचा अन् मग परत धरायचं. लोकांना दिसायचं न्हाई." त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "त्या दिवशी बैलगाडीच्या जुवावर मनकर्णाचा बाप बसला हुता. मला बघायला आलेला. मला वाटलं, सोयऱ्याच्या डोळ्यांपुढं एकदा तरी जिंकावं. मी थापटलं. ह्यानं अंग सोडलं. अन् मी ढाक मारली."

चुलीपुढे कडूबाईचं फुंकणं तेवढं थांबलं होतं.

"नांगरलेल्या मातीत पडला असता तर उठला असता," तात्या म्हणाले. "कडंच्या टनक भुईवर गेला. मला वाटलं, सोंग करतोय. मी हात वर करून मिरवत हुतो."

जिंकलेल्या पैलवानाला पोरगी द्यायला बापाने आढेवेढे घेतले नाहीत. त्याच वैशाखात लग्न झालं. माझा नवरा सुनील त्या लग्नातून झालेला, आणि सृष्टी त्याची. वही मांडीवर घेऊन मी हे जुळवत बसले होते.

"हे मानपत्रात लिही," तात्या म्हणाले. "सगळ्या लोकांपुढं वाचलं जाऊ दे. न्हाईतर मी फेटा बांधून घ्यायचो न्हाई."

"अन् माझं काय?" नानांचा आवाज पहिल्यांदा चढला. "एकवीस कुस्त्या लोकांनी डोक्यावर घेतल्या. त्या लुटूपुटीच्या हुत्या म्हनून सांगतो? पाय गेले, संसार झाला न्हाई. माझ्याजवळ तेवढं एक नाव राह्यलंय, कारभारी. तेबी घेतो का?"

तात्यांनी नानांचा पाय खाली ठेवला.

"मी मेल्यावर बोल काय बोलायचं ते," नाना हळू आवाजात म्हणाले. "आन् मला काय ठाऊक न्हवतं व्हय? माझ्या पाठीवर कोनी थापटलं, ते मला कळंना? चोळ आता."

तात्या चोळू लागले. मी वही मिटली. मानपत्रात मी एकवीस बरोबरीच्या कुस्त्या लिहिल्या, बाविसावीला दुर्दैवी अपघात लिहिलं आणि मच्छिंद्रसाठी मल्लसम्राटही घातलं. तात्यांनी वाचून घेतलं. पण हगाम्यापर्यंतचे आठ दिवस ते धड जेवले नाहीत. एकदा मला म्हणाले, "त्यानं तोंड बंद ठेवलं म्हनून माझं घर हुभं राह्यलं. आता मी उघडलं तर त्याचं पडतं. मग मी करू काय?"

हगाम्याच्या दिवशी नानांना खाटेसकट टेम्पोत घातलं. कडूबाई शेजारी बसून त्यांचा फेटा सारखा करत होती.

"हालू नको दादा. मुंडावळ्या बांधल्यागत दिसतोस."

"लगीन राह्यलंय माझं," नाना म्हणाले. "कुनी तरी बघंल."

टेम्पोत सगळे हसले. तात्यांनी मान बाहेर वळवली.

खाट आखाड्याच्या मधोमध ठेवली. लोकांनी चारी बाजूंनी कडं केलं होतं. नानांच्या उशाला मी आणि सृष्टी उभ्या होतो. मच्छिंद्रने मानपत्र वाचलं, मल्लसम्राटवर जोर देऊन. टाळ्या झाल्या. गदा दोघांच्या हातात मिळून दिली. मग त्याने माईक तात्यांपुढे धरला.

"दोन शब्द बोला तात्या."

तात्यांनी माईककडे बघितलं, मग नानांकडे. नानांनी मान हलवली, नको म्हणून. तात्यांनी माईक बाजूला केला. खाली वाकून त्यांनी चिमूटभर माती उचलली आणि कुस्तीआधी लावतात तशी नानांच्या छातीला लावली. नानांचा उजवा हात हातात घेऊन पंच विजेत्याचा करतो तसा उंच केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग हात खाली ठेवून तात्या दोन पावलं मागे सरकले, गुडघ्यावर आले, आणि फेट्यासकट पाठीवर आडवे झाले. दोन्ही खांदे मातीला टेकवले. सत्तरीला आलेला माणूस, हात पसरून, आभाळाकडे तोंड करून. चितपट झालेला पैलवान पडतो तसा.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. काहींना वाटलं, गंमत करतोय, ते हसले. मच्छिंद्र पाणी पाणी करत धावला. हलगीवाल्याला काही समजलं नाही, तो वाजवतच राहिला. मी नानांकडे बघितलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि तोंड माझ्याकडे, उलट्या बाजूला वळवलं होतं.

"नाना, तात्या..." मी म्हणाले.

"म्हाईत हाय," ते डोळे न उघडता पुटपुटले. "मी त्याला कधी चीत पाह्यला न्हाई. आता कशाला पाहू. उठव त्याला, पोरी. पुरं झालं."

नाना भाद्रपदात गेले, झोपेत. तेराव्याच्या दुसऱ्या पहाटे मी उठले तर चुलीवर तेल गरम होऊन धूर यायला लागला होता, आणि तात्या रिकामी वाटी घेऊन दारात उभे होते. मी चुलीवरचं भांडं उतरवलं. त्या दिवशी ते म्हणाले, "आता लिही. त्यानं मला माघारी बोलायला मुभा दिलीया." म्हणून हे लिहिलं.

सृष्टीला त्यांनी अजून ढाक शिकवलेली नाही. हल्ली ते तिच्याकडून फक्त पडणं करून घेतात. कसं पडायचं, मान कुठे ठेवायची, पाठ कशी गोल करायची. रोज, तेच तेच. मी ओट्यावर बसून बघते आणि तिला कंटाळा येतो.

आणि दर चार-दोन दिवसांनी, हातातलं काम थांबवून, ते मला विचारतात, "सुनबाई, तू त्याच्या उशाला हुतीस. मी पडलो तवा त्यानं पाह्यलं ना?"

"पाहिलं की तात्या," मी सांगते. "शेवटपर्यंत बघत होते."

त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. हे सृष्टी त्यांना वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलं आहे की नानांनी डोळे मिटले आणि ते काय म्हणाले, तेवढ्या ओळी आणि या शेवटच्या ओळी सोडून वाच.