पाटीच्या अलीकडचा चहा

किस्से साठतात ते स्वयंपाकघराच्या दारामागं लटकवलेल्या कॅरीबॅगांसारखे. एक ठेवायची, तिच्यात दुसरी कोंबायची, कधीतरी कामाला येतील म्हणायचं. येत तर कधी नाहीत! आणि एक दिवस एक काढायला जावं तर अख्खा गठ्ठा अंगावर पडतो. माझं सध्या तसं झालंय. ऐकणारे एकेक करून उठून गेले, गठ्ठा तेवढा माझ्याकडं राहिला. घरात मी एकटी. लेक कॅनडात, मला सकाळी काही आठवावं तर तिची झोपायची वेळ झालेली असते. म्हणून तुम्हाला सांगते. बसा जरा.

आमचा कट्टा नांदेडात, खलीलभाईंच्या फोटोफ्रेमच्या दुकानापुढं. माणसं चारच. दुकानाचे मालक खलीलभाई. समोरच्या पोस्टातले वाघमारे. मी, कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेली. आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे बिरादार सर, इतिहासवाले.

सरांचं गाव देगलूरच्या पुढं, औरादच्या बाजूचं. भाषावार राज्यं झाली तेव्हा ते कर्नाटकात गेलं. सर तेव्हा चड्डीत होते. चड्डी जाऊन पँट आली, राग काही गेला नाही. "आमचं गाव परत आल्याशिवाय त्या पाटीच्या पुढं पाऊल टाकणार नाही," अशी शपथच घेऊन बसले. पाटी म्हणजे रस्त्यावरची, कर्नाटकात आपलं स्वागत करणारी. आईवडील होते तोवर तेच नांदेडला येऊन राहायचे. तिकडं राहिली ती थोरली बहीण, अक्का. तिचं सासर गावातच.

आणि अशा माणसाला पीएच.डी.ला विषय मिळाला आयर्लंडचा! तिथंही देशाचे दोन तुकडे झालेले, वरचे सहा जिल्हे इंग्रजांकडं राहिलेले. तेवढ्यावर इंग्रजांशी तह करून सही करावी की करू नये, यावरून खांद्याला खांदा लावून लढलेले लोक एकमेकांवर बंदुका घेऊन उठले. सर अर्थातच सही न करणाऱ्यांच्या बाजूचे. आयर्लंड त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण तिथली फाळणी त्यांच्या घरचीच होऊन बसली.

*

डब्लिनच्या बंडवाल्यांनी ईस्टरच्या सोमवारी पोस्टाचा ताबा घेतला आणि बाहेर येऊन स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. म्हणून सरांनी ठरवलं, स्मरण करायचं तर पोस्टापुढंच. नांदेडात डब्लिन कुठून आणणार? समोर पोस्ट होतं, झालं! तिकडं त्या दिवशी छातीला लिलीचं फूल लावतात. आमच्या फुलवालीकडं लिली कुठली? निशिगंध लावला.

पहिल्या वर्षी सर, खलीलभाई आणि मी, भर उन्हात, छातीला निशिगंध टाचून पोस्टाच्या पायरीवर उभे. सरांनी स्वतः केलेला मराठी तर्जुमा वाचायला घेतला. अर्धाही झाला नाही तर आमच्या मागं रांग लागली! एका म्हातारीनं मला विचारलं, "बाई, पेन्शनची लाईन हीच का?" मी नाही म्हणायच्या आत तिच्या मागं आणखी माणसं.

गलका ऐकून आतून वाघमारे आले. तोवर आमची त्यांची ओळख नव्हती. "काय चाललंय सर?"

सर ताठ उभे. "आजच्या दिवशी डब्लिनमध्ये क्रांतिकारकांनी पोस्टाचा ताबा घेतला होता."

वाघमाऱ्यांनी एकदा रांगेकडं पाहिलं, एकदा निशिगंधाकडं. "घ्या की सर ताबा. पण सकाळधरनं सर्व्हर डाऊन हाय!"

पुढच्या वर्षीपासून तेही फूल लावून आमच्यात उभे राहायला लागले. लंच टाइममध्ये.

*

सरांच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगवरून भांडणं झाली. शेवटी सोसायटीनं मधोमध पांढरी रेघ मारली, अर्धी जागा ए विंगला, अर्धी बी विंगला. सगळ्यांनी सह्या केल्या, सर सोडून. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची स्कूटर बरोब्बर त्या रेघेवर!

सेक्रेटरी हात जोडून आला. "सर, या नाहीतर त्या बाजूला घ्या ना. गाडी रेघेवर येऊन राहिली."

"कुठली रेघ?"

"ही काय, पांढरी!"

"मी सही केलेली नाही. मला दिसत नाही."

कट्ट्यावर हा किस्सा सरांनीच मोठ्या अभिमानानं सांगितला. वाघमाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, मोतीबिंदू काढून घ्या. रेघ आपोआप दिसंल!"

सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

खलीलभाई म्हणजे पक्के सहीवाले. "सर, मिळालं तेवढं घ्यायचं, बाकीचं आराम से बघायचं. मेरे अब्बा यही बोलते थे." त्यावर सर, "देश म्हणजे दुकान नव्हे भाई!" हे रोजचं. चहा येईपर्यंत आयर्लंड, चहा आल्यावर बिस्किटं.

एकदा सरांनी आयर्लंडचा मोठा नकाशा त्यांच्याकडं फ्रेम करायला दिला. भाईंनी झकास फ्रेम केली. सागवानी पट्टी, आत पांढऱ्या कार्डशीटची चौकट. सरांनी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला. कार्डशीट वरून जरा जास्तच आत आली होती. सहा जिल्हे गायब!

"भाई, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"खुदा कसम सर, तेवढंच बसत होतं!"

"इंग्रजही हेच म्हणाले होते!"

फ्रेम काउंटरवर आपटून सर गेले ते गेलेच. कट्ट्यावर येईनात. मग माझी ये-जा सुरू झाली, इकडचा निरोप तिकडं. खलीलभाई म्हणाले, "मॅडम, त्यांना बोला, त्या भांडणाला शंभर वर्षं झाली. आता तरी चाय प्या!" मी जाऊन सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. "त्यांना सांगा, सहा जिल्हे सोडून मी चहा पीत नाही."

पुढं भाईंच्या किडन्या बिघडल्या, डायलिसिस लागलं. दुकान कधी उघडं, कधी बंद. एका दुपारी ते ऑटोतून सरांच्या घरी आले. मी तिथंच होते. बगलेत फ्रेम, कार्डशीट नव्यानं कापलेली, आतून अख्खं बेट दिसत होतं. धाप लागली होती, तरी दारातूनच म्हणाले, "घ्या सर, तुमचे सहा जिल्हे. सही नको. चाय पिलाओ."

सरांनी स्वतः उठून चहा केला. बायको गेल्यापासून त्यांना धड चहा जमला नाही कधी. त्यात डोळे भरलेले, साखर किती पडली कुणास ठाऊक. खलीलभाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "अब समझा. तुमच्याशी तह कोणी का करत न्हाई!"

आम्ही तिघं हसून हसून दमलो. त्यानंतर महिनाभरातच भाई गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. ईस्टरचा दिवस सोडला तर मी त्या रस्त्यानं जातच नाही, बसस्टँडला वळसा घालून जाते.

*

वाघमारे रिटायर होऊन पुण्याला लेकाकडं गेले. यंदाच्या ईस्टरला सर आणि मी, दोघंच. फुलवालीनं सवयीनं चार निशिगंध बांधून दिले. तिला काय सांगायचं? दोन मी पर्समध्ये ठेवले.

सरांनी जाहीरनामा वाचला. आवाज गेटपर्यंतही पोचला नसेल. मागं रांग लागली नाही, पेन्शनवाले कधीच सकाळी उरकून गेले होते. मग मी वाघमाऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते पुण्यात बाल्कनीत उभे, छातीला काहीतरी हिरवं टाचलेलं. "निशिगंध गावला न्हाई मॅडम, कोथिंबीर हाय!"

हसलो. फोन बंद केला. दोघंही पायरीवरच बसून राहिलो.

"मॅडम," सर म्हणाले, "आता भांडायचीही सोय राहिली नाही हो. आपल्यात फूट पडली तर एकेकच उरतो."

मी म्हटलं, "मग मी सही करते, तुम्ही बोलणं सोडू नका." त्यांना हसू आलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर पर्समधली दोन फुलं पाण्यात ठेवली आणि एकटीपुरता भात लावला.

*

आता अक्काचं सांगते. सर पाटीपुढं जायचे नाहीत, म्हणून अक्का यायची. दर भाऊबीजेला. पाटीच्या अलीकडं मल्लप्पाचं चहाचं हॉटेल आहे, त्याच्यावर भलंमोठं चिंचेचं झाड. आपण नांदेडकडून गेलो की आधी एक ओढा लागतो, तोवर दूरपर्यंत उघडं रान, सावलीला झुडूपसुद्धा नाही. ओढा ओलांडला की ही चिंच, मग पाटी, आणि पाटीपुढं हाकेच्या अंतरावर गाव.

अक्का पायी यायची, सर एसटीनं. हॉटेलच्या बाकड्यावरच ओवाळणं. डब्यात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. निरांजन विझू नये म्हणून मल्लप्पा पेपरचा आडोसा धरून उभा! भाचीचं लग्न झालं तेव्हाही सर त्याच बाकड्यावर बसून गावातला बँड ऐकत होते. मंगलाष्टकं लाउडस्पीकरवर ऐकू आली, तशा त्यांनी अक्षता पाटीच्या दिशेनं टाकल्या. मल्लप्पाच्या कोंबड्यांनी टिपून खाल्ल्या!

एका भाऊबीजेला मी सोबत गेले होते. अक्का ठेंगणी, काटक, बोलायला चटपटीत. धाकट्या भावाला तिकडं तम्मा म्हणतात. ओवाळून झाल्यावर तिनं सरांना खीर वाढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तम्मा, सरकारनं मला तिकडं टाकलं, ते कळलं. तू का टाकलंस?"

आयर्लंडवर तासभर न थांबता बोलणारा माणूस, खिरीकडं बघत बसला. येताना एसटीत मला म्हणाले, "तिला राजकारण कळत नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याशी बोलायला भाऊ नाही, बहीण नाही. आणि यांना आहे तर हे असं! फार राग आला होता मला.

*

परवाच्या दिवाळीत भाचीचा फोन आला. अक्का पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झेपायचं नाही म्हणतात. "मामा, आई यंदा हॉटेलपर्यंत येणार नाही. तिनं तुम्हाला बोलवू नको म्हणून सांगितलंय. म्हणून मी फोन करून राहिले."

भाऊबीजेच्या सकाळी सर माझ्या दारात. हातात ओवाळणीच्या साडीची पिशवी. "मॅडम, हॉटेलपर्यंत येता का?"

हॉटेलपर्यंत! मी गाडी सांगितली.

सर नेहमीच्या बाकड्यावर बसले. समोर पाटी, पाटीमागं देवळाचा कळस. चहा आला, गार झाला. मल्लप्पानं तो नेऊन दुसरा आणला, तोही गार झाला.

मी म्हटलं, "सर, चला."

"सगळं आयुष्य अलीकडं काढलं मॅडम. आज गेलो तर ते कशासाठी काढलं?"

"आणि नाही गेलात तर?"

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा बंद पडला. सर एकदम चिडले. जे माझ्यावर चिडायचं ते पंख्यावर चिडले. "आपल्या महाराष्ट्राची लाईट कधी सुधारणार काय माहीत!"

मल्लप्पा कपबशा विसळत होता. "ही लाईट कर्नाटकची हाय सर."

"म्हणजे?"

"हॉटेल कर्नाटकातच येतंय की. हद्द मागं, ओढ्याला हाय. तिथं पाटी रोवायला गेले तर खडक लागला, म्हणून ठेकेदारानं इकडं पुढं आणून रोवली. लई जुनी गोष्ट हाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. अख्खी नोकरी मी पोरांना नकाशे शिकवले. एकदा मोबाईलवर बघावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. पाटी म्हणजे हद्द, झालं! शेजारी खलीलभाई हवे होते. हात उडवून म्हणाले असते, "सर, तुमची सही कधीच होऊन गेली!" पण बाकड्यावर आम्ही दोघंच होतो.

सर उठले. पिशवी काखेत मारली आणि चालायला लागले. पाटीखालून जाताना वर पाहिलंसुद्धा नाही. मी मागून.

अक्का खाटेवर, अगदी एवढीशी झालेली. डोळे मिटलेले. सर उशाशी बसले. "अक्का."

"आलास तम्मा?" जसं काही रोजच येतात.

भाचीनं तिचा हात धरून तबक फिरवलं. सरांनी साडी तिच्या उशाशी ठेवली. मग सर म्हणाले, "अक्का, मल्लप्पाचं हॉटेल तुमच्याकडंच येतं म्हणे."

"ठाऊक हाय की."

"ठाऊक होतं? मग इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

अक्कानं डोळे उघडले नाहीत. चाचपडत त्यांचा हात तेवढा धरला.

"बोलले असते तर तू ओढ्याच्या पलीकडं जाऊन बसला असतास, तम्मा. तिकडं सावली न्हाई."