तळ्याच्या वाटेवरची सही

आमच्या सहलीचा पहिला नकाशा ब्लड बँकेच्या रिक्वेस्ट फॉर्मच्या पाठीवर निघाला. काढणारी होती माझ्या हाताखाली शिकणारी सौदी मुलगी. रियाधच्या एका हॉस्पिटलात मी सतरा वर्षं ब्लड बँकेत टेक्निशियन होते. सौदायझेशनच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं नेमण्याच्या, यादीत आमची लॅब आली आणि माझी जागा या मुलीला मिळणार हे ठरलं. मी तिला शिकवायचं, जूनपर्यंत ती तयार झाली की मी निघायचं, इतका सरळ मामला. वाईट नाही का वाटत, असं लोक विचारत. वाईट वाटून घ्यायला वेळ कुणाला होता? घरात माझ्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती.

शिकाऊ मुलगी उत्तरेकडच्या दूमत अल-जंदलची. हात भराभर चालायचे, तोंड त्याहून भराभर.

"मिस, सतरा वर्षांत तुम्ही आमच्या देशात काय पाहिलंत?" तिने एकदा विचारलं.

"मॉल."

"आणि?"

"दुसरा मॉल."

तिने कपाळावर हात मारला आणि फॉर्म उलटा करून रेघ ओढली. रियाध, कसीम, हाइल, मग नफूदची लाल वाळू, आणि टोकाला एक गोल. "हे आमचं तळं. शेतांचं जास्तीचं पाणी साठून झालंय. वाळवंटात निळं! या वर्षी पाऊस झालाय, त्यामुळे वाटेवरची माळरानं हिरवी आहेत. महिन्याभरात पुन्हा पिवळी. जायचं तर आत्ता."

घरी मी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवरा कऱ्हाडचा. त्याने चष्मा वर करून पाहिलं.

"तळं बघायला हजार किलोमीटर? कोयनेचं पाणी आपल्या गावापासून तासाभरावर आहे. तिथे किती वेळा गेलीस?"

"तुम्ही नेलंत किती वेळा?"

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली. "लास्ट ट्रिप आहे. मग मी पुण्याला."

ती अकरावीसाठी माझ्या भावाकडे जाणार होती. तिथला क्लास एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार, तिकीट काढलेलं. शेवटचा पेपर आणि विमान यांच्यामध्ये अकरा दिवस होते. त्यानंतर आम्ही तिघं एका गाडीत कधी बसणार, याचा हिशोब कुणी मोठ्याने केला नाही. नवऱ्याने मुकाट्याने लॅपटॉप उघडला.

तो एसीच्या कामातला इंजिनिअर. त्याला तक्ता केल्याशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. दोन दिवसांत तक्ता तयार झाला. नऊ दिवस, कसीमला एक मुक्काम, हाइलला दोन, दर दीडशे किलोमीटरला चहा, टायरमधली हवा, जादा पाणी, पंख्याचा पट्टा. ड्रायव्हर या रकान्यात सगळीकडे त्याचंच नाव. लायसन्स मिळून मला दोन वर्षं झाली होती, रोज हॉस्पिटलला मी गाडी घेऊन जायचे, पण हायवेवर स्टिअरिंग त्याचं. मी शेजारी बसून संत्री सोलायची, असा आमच्या घरचा नियम.

मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांची यादी केली. शिकाऊ मुलीला दाखवली तर ती हसत सुटली.

"माझी आई तुम्हाला डबा उघडूच देणार नाही. मी तिला कळवलंय. ती विचारते, किती माणसं?"

"तीन. आणि आम्ही हॉटेलात उतरणार आहोत."

"हे तुम्ही तिलाच सांगा," ती म्हणाली. "मला हिंमत नाही."

आता अडचण. नऊ दिवसांची रजा मागायला गेले तेव्हा मॅनेजर म्हणाला, "खुशाल जा. फक्त बुधवारपर्यंत तिच्या फॉर्मवर सही करा." फॉर्म म्हणजे ही मुलगी एकटीने ड्यूटी करू शकते असा माझा दाखला. सही झाली की रजेत ती माझ्या जागी उभी राहणार. नाही झाली तर मला रजा नाही. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. काम तिला येत होतं.

सोमवारी सर्जरीच्या वॉर्डातून दोन सँपल आली. दोन्हींवर एकच नाव. स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, आडनावासकट तेच. या देशात हे काही नवल नाही. एका वॉर्डात एकाच नावाची चार माणसं निघतात, म्हणून नाव वाचायचं ते केवळ रीत म्हणून. खरा माणूस फाईल नंबरात असतो. पहिल्या दिवसापासून मी तिला हेच सांगत आले होते. तिने एकाचं सँपल घेतलं, दुसऱ्याचा फॉर्म घेतला, नाव जुळलं म्हणून मान हलवली आणि क्रॉसमॅच लावायला, म्हणजे रक्त जुळतं का ते तपासायला, निघाली.

"थांब. नंबर वाच."

तिने वाचला. मग फॉर्मवरचा वाचला. चेहरा उतरला.

"मी मशीनला लावताना बघितलाच असता."

"नसता बघितलास."

"मिस, एकदाच झालं."

"चुकीचं रक्तही एकदाच चढतं."

तिने दोन्ही सँपल वेगळी ठेवली. मग हळूच म्हणाली, "पण बुधवारी सही कराल ना? तुमची सहल आहे."

त्या दिवशी घरी मी हे सांगितलं. नवरा तक्त्याची प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवत होता.

"ती मुलगी हुशार आहे असं तूच म्हणतेस," तो म्हणाला. "एक चूक झाली, तू पकडलीस. आता जन्मात करणार नाही. कर सही."

"आणि मी नसताना केली तर?"

"तू जूननंतर नसणारच आहेस. तेव्हा काय करशील? कऱ्हाडहून फोन करून नंबर विचारशील?"

"जूनपर्यंत ती शिकेल. बुधवारपर्यंत नाही."

"मग आपल्या मुलीला तू सांग."

मी सांगितलं. मुलगी "ओके, फाईन" म्हणून खोलीत गेली आणि दार जरा जोरात लागलं. मी दोन वेळा पेन काढून फॉर्म उघडला, हे कबूल करते. सही करायला चार सेकंद लागतात आणि कुणाला काही कळलंही नसतं. पण ती दोन सँपल डोळ्यांसमोरून जात नव्हती. बुधवारी मी फॉर्म कोराच परत केला आणि लिहून दिलं, अजून एक आठवडा देखरेख हवी.

शिकाऊ मुलीने माझ्याशी बोलणं बंद केलं. काम मात्र चोख. प्रत्येक नंबर माझ्या कानाशी येऊन मोठ्याने वाचायची, मुद्दाम, एकेक आकडा तोडून. मी म्हणाले, "छान, असंच." ती आणखी चिडली.

मॅनेजरने डोकं खाजवलं. दुसऱ्या शिफ्टच्या फिलिपिनो सहकाऱ्याने डबल ड्यूटी करायची तयारी दाखवली आणि मला पुढच्या आठवड्यातला गुरुवार आणि रविवार मिळाला. मध्ये शुक्रवार-शनिवारची सुट्टी. नऊचे चार दिवस झाले.

नवऱ्याने तक्ता समोर घेतला आणि लाल पेनाने कसीम खोडलं, हाइल खोडलं, चहाचे निम्मे थांबे खोडले. "हजार किलोमीटर एका दिवसात. अंधारात नफूद नको, उंट रस्त्यावर येतात. म्हणजे पहाटे निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत पोचायचं. एका माणसाला जमणार नाही."

"नाहीच जमणार," मी म्हणाले.

तो बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिला. मग ड्रायव्हरच्या रकान्यात हाइलपासून पुढच्या वाटेसाठी माझं नाव लिहिलं. "एकशेवीसच्या वर जायचं नाही."

"संत्री तुम्ही सोलाल ना?"

खोलीतून मुलीचा हसण्याचा आवाज आला. दार उघडंच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ड्यूटी संपताना शिकाऊ मुलीने माझ्यासमोर नवा कागद ठेवला. तोंड अजून फुगलेलं, पण कागदावर पेट्रोलपंप, नमाजाच्या वेळी बंद होणारी दुकानं, वाळूचा मोठा पट्टा कुठे सुरू होतो, सगळं आखलेलं. "हाइलला टाकी भरा. पुढे पंप आहे, पण विश्वास ठेवू नका. आणि हॉटेल आईने रद्द करायला लावलंय."

"मी बुक कुठे केलं हे तिला कसं कळलं?"

"गावात दोनच बरी हॉटेलं आहेत, मिस."

गुरुवारी पहाटे निघालो. माळरान खरंच हिरवं होतं, आपल्याकडच्या हिरव्यासारखं दाट नव्हे, जमिनीवर कुणी हलका हात फिरवल्यासारखं. त्यावर मेंढ्या, तंबू, पाण्याचे टँकर. हाइलनंतर मी चालवायला बसले. पहिली वीस मिनिटं नवरा पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत होता, मग झोपला. सूर्य मावळायला अर्धा तास असताना आम्ही गावात शिरलो. तळ्यावर तिघंही दहा मिनिटं उभे राहिलो. निळं होतं आणि वारा थंड होता. मुलीने चाळीसेक फोटो काढले. नवरा म्हणाला, "कोयनेपेक्षा लहान आहे," आणि जागचा हलेना. शेवटी शिकाऊ मुलीच्या आईचे फोन सुरू झाले तेव्हा निघालो.

तिच्या घरी नवऱ्याला पुरुषांच्या बैठकीत नेलं. सात माणसांत तो एकटा, आणि त्याचं अरबी 'खलास' म्हणजे संपलं आणि 'यल्ला' म्हणजे चला, याच्या पुढे जात नाही. मला आणि मुलीला आत. खजूर आले, कहवा आला, मग परातीएवढ्या ताटात मटण आणि भात. आई माझ्यापेक्षा थोडी मोठी, अंगाने भरदार. माझ्या पुढ्यात चांगला तुकडा टाकून तिने सरळ विचारलं, "माझ्या मुलीला नापास करणारी तूच का?"

माझ्या मोडक्या अरबीत मी म्हणाले, "नापास नाही केलं. अजून पास नाही केलं."

"फरक काय?"

"एका आठवड्याचा."

माझी मुलगी घास हातात धरून थांबली. मग आई म्हणाली, "तिला वाटतं, सगळं एका नजरेत दिसतं. माझ्या घरी ती भात करते तेव्हा मीठ मी बघते." आणि दुसरा तुकडा माझ्या पुढ्यात टाकला. "आता जेवलीस आमच्याकडे. सोमवारी करशील सही?"

"सोमवारी नंबर वाचायला लावीन," मी म्हणाले. "जेवणाचा संबंध नाही."

तिने मांडीवर थाप मारली, हसत उठली आणि दारापाशी जाऊन पलीकडच्या पुरुषांना ते ओरडून सांगितलं. बैठकीत हशा झाला. नवऱ्याचाही आवाज त्यात होता, कशाला हसतोय हे त्याला अजिबात कळलेलं नसताना.