तिचे हात, माझी भाजी

हुडकेश्वरच्या एका फ्लॅटमध्ये आमची छोटीशी कंपनी आहे आणि तिथल्या स्वयंपाकघरात आम्ही रेसिपीचे व्हिडिओ करतो. आम्ही म्हणजे एक डायरेक्टर, एक कॅमेरावाला, मी आणि ती. स्वयंपाक माझा असतो. व्हिडिओत हात तिचे असतात.

आमच्या व्हिडिओत चेहरा नसतो, आवाज नसतो. कॅमेरा वरून खाली कढईत बघतो आणि कढईवर दोन हात फिरतात. लांब बोटं, नितळ मनगटं, हिरव्या काचेच्या बांगड्या. कांदा मी परतते, खोबरं-खसखस मी भाजते, वाटण मी घालते. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर वाफ सरळ वर जात नाही. नागपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून रस्सा करणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. एवढं करून लाल तर्री वर आली की डायरेक्टर ओरडतो, "हात!" मग मी बाजूला व्हायचं आणि ती पुढे यायची. माझ्या घामानं ओली झालेली पळी पुसून तिच्या हातात द्यायची. ती दोनदा ढवळणार, कोथिंबीर भुरभुरवणार, संपलं. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात ना, त्या मी रोज उभ्यानं बघायचे.

मी जळायचे. आडपडदा कशाला ठेवू? तिच्या हातांना मिरची लागू द्यायची नाही, भांडं घासू द्यायचं नाही, असा तिथला कायदा होता. स्कूटीवर ती कोपरापर्यंत मोजे घालून यायची. ताटाखाली अंथरायला कापडाचे तुकडे लागायचे, ते आणायला डायरेक्टर गांधीबागेच्या कापडबाजारात तिला सोबत न्यायचा, कारण कोणत्या रंगावर तिचे हात उठून दिसतात ते दुकानातच बघता यायचं. माझ्या पाटोडीच्या रश्श्याला कोणता रंग शोभतो, हे कोणी कधी विचारलं नाही. आणि व्हिडिओखाली लोक लिहायचे, 'काय सुगरण हात आहेत ताईंचे!' सुगरण! फोडणीत हिंग कधी टाकायचा ते तिला मला विचारावं लागायचं. मोहरी तडतडताना एखादा थेंब तिच्या मनगटावर उडावा असं माझ्या मनात कितीदा यायचं, पण तेल नेमकं माझ्याच अंगावर उडायचं.

बरं, पोरगी वाईट असती तरी बरं झालं असतं. दोन शब्द बोलून मी मोकळी झाले असते. पण ती गोड. "ताई, तुमच्या हातची चव कुठंच नाही जी," म्हणायची आणि माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत बोट चाटून खायची. मला ते कौतुकही टोचायचं. चव काय व्हिडिओत दिसते?

माझा नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहे. माझ्या नोकरीत त्याला एवढंच गोड वाटायचं की नवा व्हिडिओ आला की तो आपल्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकता येतो. खाली लिहायचा, 'आमच्या घरचा स्वयंपाक.' व्हिडिओतले हात माझे नाहीत, हे मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तो तेव्हा बूट घालत होता आणि "हं" म्हणाला होता. तो ग्रुपवर टाकतो तेव्हा निदान भाजी माझी म्हणून टाकतो, यात मी समाधान मानायचे.

मग लांब रोटीचा व्हिडिओ ठरला. ही आमच्याकडची उलट्या मडक्यावरची रोटी. कणीक सैल भिजवून आपटून आपटून एवढी मऊ करायची की ती हातावर थांबत नाही. मग मनगटांवरून कोपरांपर्यंत खेळवत खेळवत पदरासारखी पातळ करायची आणि तापल्या मडक्यावर पसरवून टाकायची. इथे पळी पुसून देता येत नाही. इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातच लागतात.

गच्चीवर चूल मांडली. तिला मी आठवडाभर शिकवलं होतं, अगदी मनापासून, हेही सांगते. पण कॅमेरा सुरू झाल्यावर तिची रोटी कोपरावर फाटली आणि गांधीबागेच्या नव्या कापडावर जाऊन पडली. दुसरीही पडली. तिसरी पडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी तोंड फिरवून चुलीत काडी सारली.

डायरेक्टरनं डोकं खाजवलं. "ताई, आता तुमचेच हात घ्यावे लागतीन."

पण लोकांना हात वेगळे वाटायला नकोत, म्हणून तिच्या बांगड्या मला घालायचं ठरलं. तिनंच माझा हात मांडीवर घेतला, साबण लावला आणि बांगडी सरकवू लागली. ती अंगठ्याच्या हाडाशी अडली. "हात ढिला सोडा नं ताई," ती म्हणाली. मी आणखी किती ढिला सोडू? बांगडी पिचली. दुसरीही पिचली. डायरेक्टर उन्हाकडे बघून म्हणाला, "राहू द्या. तसेच घेऊ."

आणि मग तो "हात!" म्हणून ओरडला आणि बाजूला कोणी झालं नाही, पुढे मी झाले. रोटी हातावर अशी फिरली, अशी फिरली की कॅमेरावाला व्वा म्हणाला. मडक्यावर ती अलगद बसली, कुठे सुरकुती नाही. ती पोरगी टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही. बसमध्ये बसून मी आपलेच हात बघत घरी आले.

व्हिडिओ आला त्या दिवशी मी नवऱ्याला काही बोलले नाही. म्हटलं, बघेल तेव्हा बघेल. तो जेवायला बसला, मोबाइल ताटाशेजारी उभा करून. मी भाजी वाढत होते. त्यानं रोटी मडक्यावर पडेपर्यंत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आज तुह्या जागी कोणाले बसवलं वं?"

मी भाजीची पळी पातेल्यात परत ठेवली.

"तुहे हात कसे साजरे दिसत होते. ग्रुपवर सारे विचारत, वहिनी हाताले काय लावते म्हणून. हिचे हात पाह्य, कसे खरबरीत हायेत. असे हात काहून घेतले त्यायनं?" त्यानं मोबाइल माझ्याकडे वळवला. "मी हा नाही टाकत वं ग्रुपवर. त्यायले सांग, मीच करत जाईन म्हणून."

त्यानं ताट पुढे केलं. मी त्याला आणखी एक पोळी वाढली आणि ती त्यानं माझ्या हातातून घेतली.