खिडकीसमोरची पवनचक्की

कात्रीमामांच्या सलूनला एकच खिडकी, पण काय खिडकी! पश्चिमेकडे तोंड करून बसलेली. दुपार कलली की ऊन थेट खुर्चीवर उतरायचं आणि म्हातारी मंडळी दाढीला नेमकी तेव्हाच यायची. मामांची नजर अधू झाली होती. बल्बच्या उजेडात पांढरे खुंट दिसायचे नाहीत, उन्हात मात्र वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरायचा. एवढ्यावर हा माणूस सुखी होता.

मग समोरच्या टेकडीवर पवनचक्क्या यायचं ठरलं. त्यातली एक बरोब्बर खिडकीसमोर! म्हणजे रोज संध्याकाळी दुकानात फिरत्या पात्यांची सावली. मामांनी प्रकल्पाच्या कचेरीत खेटे घातले, तर तिथल्या लोकांनी उलट त्यांनाच सुनावलं, "तुम्हाला प्रगती नको का?" आता मामांना काय वीज नको होती? पण जागा ठरवताना गावाला कोणी विचारलंच नव्हतं, आणि सगळ्यांना झोंबलं होतं ते हेच.

शेवटी प्रकल्पवाल्यांनी गावाची सभा बोलावली. सभेच्या आदल्या संध्याकाळी प्रकल्पाचे साहेब स्वतःच दाढीला आले. गावाची समजूत काढायची तर चेहरा गुळगुळीत हवा ना! मामांनी फेस लावला, वस्तरा उचलला आणि टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या मामींना हाक मारली.

"अगं, तो मोठा टॉवेल घेऊन खिडकीत उभी राहा. आणि फिरव."

"अहो, कशाला?"

"पवनचक्की हो जरा."

मामींनी हसत टॉवेल गरागरा फिरवला. साहेबांच्या गळ्यावर उजेड, अंधार, पुन्हा उजेड. वस्तरा अगदी जवळ आला होता.

"थांबा, थांबा!" साहेबांची बोबडी वळली.

"थांबलोच आहे, साहेब. असल्या उजेडात मी कोणाच्या गळ्याला हात लावत नाही. हेच सांगायला कचेरीत येत होतो."

"माझा तर हात भरून आला," मामी म्हणाल्या. "तुमची ती दमणार पण नाही."

साहेब अर्ध्या फेसानिशी उठले, खिडकीतून टेकडीकडे बघत राहिले आणि हसले.

"मग कुठे उभी करू?"

मामांना मनापासून बरं वाटलं. "मला एकट्याला नका विचारू. उद्या सगळ्यांना विचारा."

साहेबांनी विचारलं. ती पवनचक्की आता पलीकडच्या उतारावर फिरते, मामांचा बल्ब तिच्याच विजेवर लागतो आणि खुर्चीवरचं ऊन जागच्या जागी आहे. साहेबही दाढीला येतात. फक्त बसण्याआधी मामी कुठे आहेत, ते बघून घेतात.