विलायती गाडीची किंमत

साठ सालच्या सुमारास बंगलोरच्या शिवाजीनगरात मोटारसायकलींच्या दुकानात एक बेळगावकडचे विक्रेते होते. तिथल्या महागड्या विलायती गाडीचा भाव मी दर शनिवारी पाडून मागे. ते टाकी पुसत म्हणत, "स्वल्पही कमी होणार नाही, साहेब. हिचा आवाज ऐका." मग गाडी सुरू करून स्वतःच डोळे मिटून उभे राहत.

अखेर मी पूर्ण किमतीला तयार झालो. त्यांचा चेहरा उतरला.

"नका घेऊ," ते हळूच म्हणाले. "एवढी तिची लायकी नाही."

"मग इतके महिने कौतुक का केलंत, अण्णा?"

"तुम्ही घ्याल असं वाटलं नव्हतं."

गोंधळून मी साधी गाडी घेतली. त्यांनी खुशीत मला कॉफी पाजली. त्यांनी मला वाचवलं की त्या विलायती गाडीला, हे मला अजून कळलेलं नाही.