आभाराच्या टेबलावरची चटई

आमच्या चर्चमध्ये वेदीच्या पायरीखाली एक टेबल आहे. त्याचा एक पाय किंचित आखूड असल्याने खाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असते. पण टेबलाचा मान मोठा. आजारातून उठलेल्या माणसाने आपल्या दुखण्याची वस्तू त्यावर ठेवायची, देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायची आणि मागे न बघता जागेवर जाऊन बसायचं, अशी आमची जुनी रीत. कुबड्या आल्या, कमरेचे पट्टे आले. एकदा चष्मेवाल्याच्या सासूबाईंनी काठी ठेवली, भरपूर टाळ्या घेतल्या आणि उपासना संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांपाशी अडकून पडल्या. जावयाने गुपचूप काठी आणून दिली तर म्हणतात कशा, "ठेवायची ती ठेवली. ही उसनी घेतलीय."

त्याच टेबलावर इस्त्रीवाल्या आत्याने जे ठेवलं, ते आठवलं की माझी छाती अजून फुगते. आत्या माझी कुणी लागत नाही. सगळं गाव तिला आत्या म्हणतं म्हणून मीही म्हणतो, आणि वयाने जेमतेम चार वर्षांनी लहान असून ती मला 'आजोबा' म्हणते. हा अन्याय मी कित्येक वर्षं सोसतो आहे.

तिची लाँड्री चर्चच्या समोरच्या गल्लीत. पुढे काउंटर, मागे वाफेची इस्त्री, आणि छताखालच्या दांडीवर झगे, कोट, पडदे असे लटकलेले की आत शिरणाऱ्याला आधी बाह्या बाजूला साराव्या लागतात. धुण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, हा तिचा नियम. सापडेल ते कागदात गुंडाळायचं, त्याच कपड्याला टाचणीने लावायचं आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. गावातल्या निम्म्या संसारांच्या भानगडी तिच्या हाताखालून गेल्या असतील. मी किती खोदून विचारलं असेल, पण बाई ढिम्म. माझ्यासारख्याचे किती हाल झाले असतील, तुम्हीच बघा.

तिची एकुलती एक लेक शाळेत गाणं शिकवायची आणि चर्चच्या गायकवृंदात पहिल्या ओळीत उभी राहायची. तिचा आवाज लागला की मागच्या बाकावरचा माझा डोळा उघडायचा, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. एका वर्षी ती हळूहळू विझत गेली. आधी गाणं बंद झालं, मग शाळा, मग अंघोळ. आईला म्हणाली, "मी प्रार्थना करते तेव्हा पलीकडे कुणी नसतं. देवाने मला टाकलंय."

आता अशा वेळी मंडळी गप्प बसतात थोडीच. चौथ्या बाकावरच्या बाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "आत्या, मनात एखादं पाप लपलं असेल हो. पोरीचं कुठे प्रेमबिम तर नाही ना?"

"असतं तर बरं झालं असतं," आत्या म्हणाली. "निदान घराबाहेर तरी पडली असती. पडदे मंगळवारी मिळतील."

दुसरे आले कोटवाले. हे आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ. हवा कशीही असो, अंगात कोट. आवाज भारदस्त, मन वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं. "हे शरीराचं दुखणं नव्हे, आत्या," ते म्हणाले. "कुठेतरी दार उघडं राहिलंय आणि शत्रू आत शिरलाय. त्याला उपवास आणि प्रार्थना. गोळ्यांनी सैतान पळत नाही."

आत्या घाबरली. घरात सैतान म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? ती थेट आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे गेली. ते हळू बोलणारे, शिकलेले गृहस्थ. म्हणाले, "सैतान नाही असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक तापाला त्याचं नाव दिलं तर त्याचा उगाच मान वाढतो. बायबलमधला एक संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता, आठवतं ना? देवाने त्याला पापांचा हिशोब विचारला नाही. आधी झोपू दिलं, मग खायला दिलं. प्रार्थना मी करतो. तुम्ही तिला डॉक्टरकडे न्या."

नेलं. गोळ्या सुरू झाल्या, प्रार्थनाही सुरूच होती. काही महिन्यांनी लेक उठली. केस विंचरले, शाळेत गेली, आणि एका रविवारी पुन्हा पहिल्या ओळीत दिसली. मंडळींना कोण आनंद. कोटवाल्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आपली मुलगी बरी झाली. पुढच्या रविवारी साक्ष."

आणि इथेच चूक झाली. अशी चूक फक्त आमच्यासारख्या देवभोळ्यांनीच करावी. बरी झाली असं चर्चमध्ये जाहीर झालंय, मग गोळ्या कशाला? घेत राहिली तर देवावर विश्वास नाही असा अर्थ. आत्यालाही मिरवायचं होतं, ते ती स्वतःच सांगते. तिने लेकीला कडक इस्त्रीचा झगा घातला, गोळ्यांची पाकिटं हातात दिली आणि मागून हलकेच ढकललं. टेबलावर पाकिटं पडली. टाळ्या मीही वाजवल्या.

पानं गळायला लागली तोवर लेक पुन्हा अंथरुणात. या वेळी पहिल्यापेक्षा वाईट. आत्याने तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली आणि उंबऱ्याशी चटई टाकून झोपू लागली. लेक पाणी प्यायला उठली तरी आईला ओलांडून जावं लागे. दिवसा इस्त्री, रात्री राखण. आत्याचे डोळे खोल गेले, पण गिऱ्हाइकांच्या कॉलरी तशाच धारदार. पाळकसाहेबांनी पुन्हा डॉक्टर गाठून दिला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुष्कळ दिवसांनी एका सकाळी लेक आईला ओलांडून गेली आणि मोरीत तोंड धुता धुता गुणगुणली. आत्या चटईवर पडल्या पडल्या ऐकत राहिली, उठलीच नाही.

कोटवाले पुन्हा काउंटरवर हजर. कोट धुवायला टाकला आणि म्हणाले, "या रविवारी गोळ्या टेबलावर येऊ देत. मागच्या वेळी विश्वास कमी पडला असेल."

"बघू," आत्या म्हणाली.

ते गेले. मी पँटची वाट बघत स्टुलावर बसलो होतो. आत्याने सवयीप्रमाणे कोटाचे खिसे उलटे केले. आतल्या खिशातून गोळ्यांचं पाकीट निघालं, निम्मं रिकामं. तिने नाव वाचलं. मग फळीवरचं लेकीचं पाकीट शेजारी धरलं. तेच नाव. त्याच गोळ्या.

मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. "आत्या," मी म्हणालो, "हे तर हातात आयतं सापडलं. रविवारी नुसतं वर धर. तोंड बंद होईल त्यांचं."

तिने पाकीट कागदात गुंडाळलं, कोटाला टाचणी लावली. "आजोबा, तुम्ही काही पाहिलं नाही."

"अगं पण तुझ्या पोरीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. माझी पोर या गोळीपायी लाजेने मेल्यासारखी झाली. आता त्याच गोळीवरून मी दुसऱ्याला लाजवू? खिशातलं खिशात. आणि तुमच्या पँटचं बटण तुटलंय. पोट आवरा."

रविवार आला. चर्च खच्चून भरलं होतं. लेक मधल्या वाटेने पुढे निघाली, मागून आत्या, काखेत चटईची गुंडाळी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चौथ्या बाकावरच्या बाई तर मानच वळवून बसल्या.

आत्याने चटई टेबलावर ठेवली. टेबल डुगडुगलं. "लेकीच्या दाराशी मी हिच्यावर झोपत होते," ती म्हणाली. "आता दाराला आतली कडी परत बसवलीय. मला चटईची गरज नाही, म्हणून ही ठेवते. गोळी ठेवणार नाही. मागच्या वेळी ठेवायला मीच लावली, ती माझी चूक. देवाने हिला डॉक्टरच्या हाताने उठवलं. देवाने दिलेलं मी देवाच्याच टेबलावर टाकून येणार नाही."

लेकीने मुठीतली गोळी पुढे केली. "माझी सकाळची गोळी राहिलीय," ती म्हणाली. "पाणी मिळेल का?"

मग दुसऱ्या बाकावरून कोटवाले उठले. मला वाटलं, आता गर्जना होणार. ते पाळकसाहेबांच्या समोरचा पाण्याचा पेला उचलून तिच्याकडे गेले. कोट नुकताच इस्त्री झालेला होता आणि टाचणी लावलेली कागदाची पुडी त्यांनी घरी उघडली असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पेला दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले. ती गोळी गिळेपर्यंत उभे राहिले. मग ती गायकवृंदात गेली आणि गायली. माझे दोन्ही डोळे उघडे होते.

हे सगळं मी इतकी वर्षं पोटात ठेवलं. माझ्यासाठी हा उपवासापेक्षा कडक नेम होता. आज सांगतो, कारण गेल्या रविवारी कोटवाले, आता पार थकलेले, स्वतःच टेबलाशी गेले. खिशातून पाकीट काढून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "बावीस वर्षं घेतोय. आधी लपवून घेत होतो. एका बाईला ठाऊक होतं, तिने मला कधी उघडं पाडलं नाही." टेबलावर त्यांनी काहीच ठेवलं नाही. पाकीट परत खिशात घातलं आणि जागेवर येऊन बसले.

पुढच्या बाकावरून आत्याने मागे न बघताच त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "कोट सोमवारी पाठवाल तेव्हा खिसा रिकामा करून पाठवा."

चटई अजून तिथेच आहे. पुठ्ठ्याची घडी झिजली तेव्हा कुणीतरी चटई खाली उतरवून तिचाच कोपरा दुमडून त्या आखूड पायाखाली सरकवला. तेव्हापासून टेबल हलत नाही.