माटोळीचा जुना फोटो

पुतण्याने टेबलावर कॅमेरा ठेवला तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी जुन्या बाजारातून उचलून आणला. आमच्या लहानपणी डिचोलीत लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या गळ्यात असायचा, अगदी तसा. काळं कातडं, चंदेरी डोकं, वर आकड्यांच्या चकत्या. हातात घेतला तर कातडं रबराचं निघालं. फिल्म पुढे सरकवायचा खटका होता, पण आत फिल्मच नव्हती. बटण दाबल्यावर भारदस्त 'खट्' व्हायचं, तेही एका बारक्या स्पीकरमधून. हा आवाज कमीजास्त करायची सोय होती. ज्याला स्वतःचा खोकला कमीजास्त करता येतो, त्याच्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

"काका, फोनवर आपण नुसते फोटो गोळा करतो. ह्यात ते काढावे लागतात," पुतण्या म्हणाला. पुण्याला नोकरी करतो, त्यामुळे अशी वाक्यं त्याला जमतात.

चवथीला आम्ही सगळे पाळी गावच्या घरी जमतो. तिथे माझा थोरला भाऊ माटोळी बांधतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घड, चिबूड आणि मुख्य म्हणजे रानातली फळं बांधायची. दादाचे गुडघे गेलेत. यंदाची शेवटची, पुढच्या वर्षी ह्या पुतण्याचा थोरला भाऊ बांधील, असं त्याने जाहीर केलं होतं. गावच्या मंडळाच्या माटोळी स्पर्धेत त्याला पहिला नंबर कधी मिळाला नव्हता. म्हणून तसल्या गुडघ्यांनी तो बंद खाणीच्या कडेने हिंडला आणि लालभडक कवंडाळं घेऊन आला. हल्ली ती फळं कोणाच्याच माटोळीत दिसत नाहीत.

पूर्वी मंडळाची माणसं घरोघर फिरून माटोळी बघत. आता फोटो मागवतात. बांधणारा माणूस फोटोत हवा, एवढाच नियम. फोटो अर्थातच पुतण्याने काढला. एरवी जेवतानाही फोन न सोडणारा हा मुलगा तो कॅमेरा डोळ्याला लावून कितीतरी वेळ स्टुलावर नुसता उभा राहिला. दादा उघड्या अंगाने, दातांत दोर धरून, शेवटची गाठ मारत होता. तेवढ्यात 'खट्' झालं. मुलाचं ते थांबणं मला आवडलं, हे कबूल करतो. संशय तिथेच यायला हवा होता.

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जनाबरोबर माटोळीतली रानफळं पाण्यात जातात, नारळ-सुपारी शेजारीपाजारी. हे सगळं उरकून आम्ही घरी आलो, पुतण्याने मंडळाला फोटो धाडला आणि तिथल्या माणसाचा फोन आला. तो दादाचा शाळेतला सोबती.

"अरे, यंदाचो फोटो धाड. बापाशीचो धाडून आमका फसवतंस?"

"बापूस खंयचो? तो मीच रे!"

"तुझ्या बापाशीक मी वळखत नाय की काय? बरां, ऱ्हवांदे. माटोळी बघूक येतंय."

"माटोळी गेली पाण्यात."

"बरां," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्या 'बरां'तला संशय मला ओळखीचा होता. इतकी वर्षं तो मीच लोकांवर वापरत आलोय.

पुतण्याने कॅमेऱ्यात रंग 'जुन्या फिल्म'चा ठेवला होता. सगळं तपकिरी, वर दाणेदार धूळ. बाकी सगळ्यांचे फोन गणपतीकडे रोखलेले. त्यांत माटोळीची आली तर खालची झालर.

"साधा रंग काढून दे ना आता," मी म्हटलं.

"नाही ना निघत, काका. रंग आधीच ठरवायचा, मागाहून बदलायचा नाही. तीच तर मजा आहे ह्यात."

"झाली मगे मजा!" वहिनी आतून म्हणाली.

दादाने फोटो मोठा करून मागितला. बराच वेळ बोट फिरवत राहिला. "कवंडाळां खंय ह्यात?" पुतण्याने दाखवली. "ती सुपारी," दादा म्हणाला. मग सुपारी कुठली, ते दोघांनाही सांगता येईना. लाल तेवढं सगळं त्या कॅमेऱ्याने गिळलं होतं. उरला होता दातांत दोर धरलेला आमचा बापूस.

नंबर नदीपलीकडच्या वाड्यावर गेला. दादा रागावेल म्हणून पुतण्या दोन दिवस लांब लांब होता. दादाने त्याला बोलावून एवढंच सांगितलं, "फुडल्या वर्सा फोनान काढ. आणि ह्यो फ्रेम करून दी."

तो फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे. परवा मी गेलो होतो तेव्हा मंडळातला तो सोबती आला होता. फोटोखाली उभा राहून मान हलवत म्हणाला, "बघ. अशी माटोळी आता कोण बांधता? तुमच्या बापाशीचो हात कोणाक येवचो नाय."

मी तोंड उघडणार, तोच दादाने माझ्याकडे पाहिलं आणि पानाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"खरां," दादा म्हणाला. "आजून सांग."